एका बाकावरचे डॉक्टर

वाबळे सरांना मी पहिल्यांदा चहा पुढं केला, तेव्हा त्यांनी तो आधी मला प्यायला लावला. "अर्धा तुम्ही घ्या मॅडम, अर्धा मी घेतो," म्हणाले. नवीन शाळा, नवीन गाव. मला वाटलं, अगं बाई, किती प्रेमळ माणूस! मी आपली बशीत ओतून प्याले. सर माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. मी तोंड वाकडं करत नाही असं दिसल्यावर मग त्यांनी कप उचलला. "दूध कालचं हाय का काय, बघत होतो," म्हणाले. म्हणजे मी त्यांची मांजर! पुढं कितीतरी वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये बसलो, पण त्या दिवसानंतर मी त्यांना चहा दिला नाही. त्यांचा चहा ते स्वतः, शिपायाच्या शेजारी उभं राहून करून घ्यायचे.

आमची शाळा निमगाव केतकीच्या पुढं, इंदापूरच्या रस्त्याला. सर गणिताचे, मी भूगोलाची. सर उंच, काटकुळे, मिशी बारीक कातरलेली, मान जरा पुढं काढून चालायची सवय. पावलांचा आवाज अजिबात नाही. बुटांना मुद्दाम रबरी तळ लावून घेतलेला, कारण मास्तर जवळ आलाय हे मागच्या बाकावरच्या पोरांना कळता कामा नये. पोरांचं सोडा, आम्ही शिक्षकसुद्धा कुणाबद्दल बोलता बोलता गपकन मागं वळून बघायचो. निम्म्या वेळा सर खरंच मागं उभे असायचे.

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. शाळेची घंटा शिपाई घाईनं देतो असा त्यांना वहीम, म्हणून घंटा झाली तरी ते स्वतःच्या घड्याळात बघूनच वर्ग सोडायचे. कुणी हसून नमस्कार केला की हे आधी त्याच्या हाताकडं बघायचे, अर्ज-बिर्ज आहे का म्हणून. "गोड बोलला की समजायचं, मागं काम हाय," हे त्यांचं रोजचं वाक्य. आठवडे बाजारात तर बघण्यासारखी मजा. भाजीवाल्या वर चांगला माल मांडतात आणि खाली किडका दडवतात, हे सरांना पक्कं ठाऊक. म्हणून ते वरची वांगी कधीच घ्यायचे नाहीत, ढिगात हात घालून खालची काढायचे. बाजारातल्या बायका त्यांच्याहून बेरकी. सर लांबून येताना दिसले की एकमेकींना खुणावायच्या आणि सगळा किडका माल आधीच तळाला सारून ठेवायच्या. सर तोच निवडून, विजयी मुद्रेनं घरी न्यायचे. शालनवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, ती वांगी चिरताना काय म्हणत असतील ते त्यांनाच माहीत.

या वहिनी दुपारी स्वतः डबा घेऊन यायच्या. डबा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही, असा सरांचा नियम. सर जेवायचे आणि वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. "बसा की वहिनी," म्हटलं की, "बसती की, काय घाई हाय," म्हणायच्या आणि उभ्याच राहायच्या. सर आमटीत चमचा फिरवून बघायचे, पाणी जास्त झालंय का म्हणून. वहिनी त्यांच्याकडं न बघता आमच्याशी पाऊसपाण्याचं बोलत राहायच्या. मला त्या बाईचं नवल वाटायचं. मी असते तर डबा डोक्यात घातला असता.

पण एक सांगते, शिकवायला बसले की, नव्हे, बसायचेच नाहीत ते! वर्गातली खुर्ची त्यांनी पहिल्याच वर्षी बाहेर काढली होती. "मास्तर खुर्चीत टेकला की पोरांचे हात बाकाखाली गेलेच," म्हणायचे. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत माणूस पायांवर. परीक्षेला सुपरव्हिजन म्हणजे तर त्यांचा सण. आम्ही पाच मिनिटं भिंतीला टेकायचो, सर तेवढंही नाही. पेपर संपेपर्यंत ओळीतून ओळीत, मांजराच्या पावलांनी. त्यांच्या हाताखालची पोरं गणितात कधी मागं पडली नाहीत हेही खरं. चोरी करायची सोयच नसल्यामुळं बिचाऱ्यांना अभ्यास करावा लागायचा.

कॉपी पकडायचं त्यांचं एक शास्त्र होतं. एकदा नववीतल्या दोघा चुलतभावांचे पेपर घेऊन ते स्टाफरूममध्ये आले. दोघांनीही त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशे नव्वद लिहिलेली. "बघा मॅडम," त्यांनी दोन्ही पेपर माझ्यापुढं शेजारी शेजारी मांडले. "बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं. चूक मात्र ज्याची त्याची असती. दोघांची सारखी आली म्हणजे एकानं दुसऱ्याची उचलली." मला ते फार पटलं. मीही भूगोलाचे पेपर तसेच तपासायला लागले आणि खरंच दोन-तीन चोर सापडले. एवढ्या शहाण्या माणसानं पुढं हेच शास्त्र स्वतःवर कसं उलटं चालवलं, हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

ते असं झालं. सर उन्हाळा असो, पावसाळा असो, जाड मोजे घालायचे. एप्रिलच्या उन्हात आमच्या तळव्यांना फोड यायची वेळ आणि यांचे पाय लोकरीत. आता ज्याला सगळ्यांचा संशय, त्याचा संशय लोक घेणारच की. मुख्याध्यापकांना वाटायचं, सर मोज्यात बारका मोबाइल ठेवून मीटिंगमधलं बोलणं टिपून घेतात. शिपायाचं म्हणणं, पैसे ठेवतात, बँकेवर भरवसा नाही म्हणून. माझ्याही मनात पाल चुकचुकायची, खोटं कशाला बोलू.

मोज्यांचा उलगडा माझ्या घरी झाला. सत्यनारायण होता. दारात बादली-तांब्या ठेवलेला, येणारा पाय धुऊन आत. सर दारात घुटमळले. मग बादली घेऊन तुळशीच्या मागं गेले आणि तिथं पाठमोरे होऊन मोजे काढले. पण तुळशीमागं माझ्या सासूबाई वाती वळत बसल्या होत्या.

"अगं बया!" सासूबाईंचा आवाज मांडवभर गेला. "आवो मास्तर, पायाला ही कोळ्याची जाळी कसली वो?"

सगळ्यांनी बघितलं. डाव्या घोट्यापासून वर पोटरीपर्यंत जांभळ्या-लाल बारीक शिरांचं जाळं, वरच्या कातडीवर कुणी पेनानं गिरगटावं तसं. घोट्याजवळची कातडी काळपट पडलेली. पाय सुजलेला, मोज्याच्या रबराचा वळ त्यात रुतून बसला होता.

"काय न्हाय, वयाचं हाय," असं म्हणून सरांनी ओल्याच पायांवर मोजे चढवले आणि प्रसाद न घेता निघाले. प्रसादात काय घातलं असेल याचा संशय म्हणून नव्हे, तर चक्क लाजून. गणिताचे कडक मास्तर लाजतात, हे मी त्या दिवशी पाहिलं आणि मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. माझ्या मावशीला असंच होतं. आम्ही सगळे "दिसायला खराब दिसतं, एवढंच" म्हणत राहिलो आणि तिला घोट्यावर जखम झाली, ती वर्षभर भरली नाही. हे सगळं मी सरांना सांगितलं. "तुमच्या मावशीचं तुमच्या मावशीपाशी," म्हणाले. पण पाय संध्याकाळी ठणकत असला पाहिजे, खाजतही असला पाहिजे, कारण त्या शनिवारी ते गुपचूप इंदापूरला एका डॉक्टरांकडं जाऊन आले. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी बारामतीला दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडं. दुसरीला पहिल्याचं काही सांगितलं नाही. पोरांना वेगवेगळं बसवून परीक्षा घ्यावी तसं.

सोमवारी स्टाफरूममध्ये आले ते चेहरा फुलवून. "पकडले!" म्हणाले.

"कुणाला?"

"दोघांना! ऐका." सरांची स्मरणशक्ती दांडगी. दोन्ही डॉक्टरांचं बोलणं त्यांनी शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. पहिला म्हणाला, अशी बारीक जाळी पुष्कळांना असते आणि बहुतेकांना तिचा काही त्रास नसतो. पण तुमचा पाय सुजतो, संध्याकाळी जड होतो, घोट्यापाशी कातडी काळी पडलीय. म्हणजे आतल्या मोठ्या शिरेत बिघाड असू शकतो, वरची जाळी ही नुसती त्याची खूण. तिच्याकडं दुर्लक्ष केलं तर जखम होईल, एखादे दिवशी रक्त सुटेल. आतल्या शिरांची सोनोग्राफी करून घ्या. आणि दुसरी डॉक्टरही हेच म्हणाली. सूज तीच, काळी कातडी तीच, सोनोग्राफी तीच.

"अहो मग बरंच झालं की! दोघांचं मत एक आहे," मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "मॅडम, दोन पेपरात शब्दाला शब्द सारखा. ह्याला आपण काय म्हणतो?"

"सर! तुम्हीच म्हणता ना, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं?"

"बरोबर हाय हे ठरवलं कुणी? तपासनीस कोण?" सर टेबलावर वाकले आणि आवाज खाली आणला. "मी दोघांच्याही पाट्या वाचून आलोय. दोघं एकाच कॉलेजातनं शिकलेत. एकाच! बाक शेजारी शेजारी असला पाहिजे."

 माझा तर संताप संताप झाला. म्हटलं, तुम्ही आणि तुमचा पाय, मला काय करायचंय.

पण सरांना तिसरं मत मिळालं. बारामतीच्या अलीकडं पिंपळीत एक तेलवाला बसायचा, शिरा मोकळ्या करून देतो म्हणून त्याची ख्याती. त्यानं सरांना मोजासुद्धा काढायला लावला नाही. पॅन्टवरूनच पाय चाचपला आणि म्हणाला, "उष्णता हाय मास्तर. तेल गरम करून चोळा, चांगलं जोर लावून चोळा. आपोआप जाईल." सर खूश! "वेगळं उत्तर," मला म्हणाले. "स्वतःच्या डोक्यानं लिहिलेलं. मशीन न्हाय, चिठ्ठी न्हाय, कॉलेज न्हाय." ढिगातलं खालचं वांगं बरोबर उचललं होतं त्यांनी.

पुढं दोनेक महिने सरांच्या अंगाला त्या तेलाचा वास. सकाळ-संध्याकाळ चोळणं चालू. वहिनी डबा घेऊन आल्या की मी हळूच विचारायची, "पाय कसा आहे हो?" त्या म्हणायच्या, "कुणाला ठावं. मला बघू देत्यात व्हय! दार लावून चोळत्यात."

मग आली दहावीची सराव परीक्षा. बीजगणिताचा पेपर. मोठ्या वर्गात सर होते आणि मी शेजारच्या वर्गात. मधलं दार उघडं, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. अर्धा पेपर झाला असेल. सरांच्या लक्षात आलं की पोरं खाली बघतायत. पेपरात नाही, फरशीवर. सर ताठ झाले. फरशीवरून पायानं चिठ्ठी सरकवतात, हा जुना प्रकार. सर त्या ओळीत शिरले. पोरांनी माना वर केल्या. सर पुढच्या ओळीत गेले, तर आता त्या ओळीतली पोरं खाली बघायला लागली. सर जिकडं जातील तिकडं नजरा फरशीवर. सरांना वाटलं, चिठ्ठी आपल्या मागंमागं फिरवली जातेय. अख्खा वर्ग सामील! त्यांच्या डोळ्यांत असं तेज आलं, जणू आयुष्यभर शोधत असलेला दरोडेखोर आज रंगेहाथ सापडणार.

"माना वर! कुणी खाली बघायचं न्हाय!" सर गरजले. "कोमल, काय हाय खाली?"

कोमल म्हणजे खिडकीशेजारची भित्री पोर, एरवी तोंडातून शब्द काढायची नाही. ती उभी राहिली. "सर, रगत."

"काय?"

"तुमच्या बुटातनं रगत यातंय, सर."

"बहाणे न्हाय पायजेत! मी खाली वाकलो की चिठ्ठी तिकडं जाणार. मान वर!"

कोमलचा चेहरा पांढराफटक झाला होता. तिनं आपला पेपर उचलला आणि सरांपुढं धरला. "माझा पेपर काढून घ्या सर. नापास करा. पण खाली बघा," असं म्हणून ती रडायला लागली.

मग सरांनी खाली बघितलं. वर्गाच्या चारी ओळींमधून त्यांच्या डाव्या बुटाचे लाल ठसे उठले होते. इतके की कुठून सुरू झाले ते कळत नव्हतं. सर तिथंच मटकन खाली बसले.

मी धावले. बूट काढला तर त्यातून रक्त ओघळलं. मोजा भिजून लटकलेला. जखम शोधायला गेलो तर जखमच नाही, घोट्याच्या वर त्या जाळ्यात सुईच्या अग्राएवढं एक भोक आणि त्यातून रक्ताची बारीक धार. चोळून चोळून कातडी कागदासारखी पातळ झाली होती. मी गावातल्या दवाखान्यात फोन लावला. ते म्हणाले, झोपवा, पाय वर उचला आणि स्वच्छ फडकं दाबून धरा, सोडू नका. एका पोरीची ओढणी घेतली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं. थोड्या वेळानं धार थांबली. मुख्याध्यापक पाणी घेऊन उभे. आणि सर आडवे पडल्या पडल्या काय म्हणाले असतील?

"मॅडम, कुणीतरी कर्कटक टोचलं मला. तिसऱ्या ओळीत."

मी म्हटलं, "गप बसा!" सगळ्या वर्गादेखत. सर खरोखरच गप बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात माझी गाडी उभी होती. बोलावणं वहिनींचं होतं. सर खाटेवर बसून काहीतरी बोलणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "दोघांनी खरं सांगितलं तर ते चोर. एकानं खोटं सांगितलं तर त्यो साव. आता रगात सांडलं, ह्यात कुणी कुणाचं बघून लिवलं ते सांगा." सर निमूट उठले. मी वहिनींना इतकं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. वाटेत पिंपळी आली तेव्हा वहिनींनी मागच्या सीटवरून हळूच विचारलं, "उतरायचं का? तेल संपलं आसंल." सर खिडकीतून उलट्या बाजूला बघत राहिले.

बारामतीच्या त्याच डॉक्टर म्हणजे तिशी-पस्तिशीच्या, हसऱ्या. हसऱ्या म्हटल्यावर सरांच्या कपाळावर आठी आलीच. सोनोग्राफी उभ्यानं करायची होती. पायाला थंड जेल लावून डॉक्टरांनी ते यंत्र फिरवलं आणि पडद्यावर निळे-लाल रंग हलायला लागले.

"हे रंग कोण भरतं?" सर.

"मशीन भरतं सर. रक्त कुणीकडं वाहतंय ते दाखवायला."

"आधी धडधाकट पाय दाखवा. मग माझा. ह्या मॅडमचा घ्या."

घ्या! मांजर पुन्हा हजर. पण डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी खरंच माझी पोटरी दाबून दाखवली. दाबलं की रंग वर जायचा, सोडलं की थांबायचा. मग सरांची दाबली. रंग वर गेला आणि सोडल्याबरोबर सगळा धबाधबा उलटा खाली आला.

"तुमची शेती आहे ना सर? विहिरीवर मोटर आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "पायपाच्या तळाचा फुटवॉल गळका झाला की काय होतं?"

"पायपातलं पाणी परत विहिरीत येतं."

"तेच झालंय. शिरेतल्या झडपा गळतायत. रक्त वर चढायच्या ऐवजी घोट्याशी तुंबतं. ते तुंबलेलं बाहेर जाळ्यासारखं दिसतं. प्रत्येक जाळ्याच्या मागं असं असतंच असं नाही, पण सूज, काळी कातडी, खाज, ठणका असला की आत बघायलाच पाहिजे. उभ्या उभ्या काम करणाऱ्यांना हे जास्त होतं. आई-वडिलांना असलं तरी होतं, बायकांना बाळंतपणानंतर होतं. आता ती शीर लेझरनं बंद करू. परवा करता येईल. तोवर पट्टी, आणि बसाल तेव्हा पाय वर."

सर पडद्याकडं बघत राहिले.  मग म्हणाले, "इंदापूरच्या डॉक्टरांनीबी हेच सांगितलं होतं." त्यांच्या दृष्टीनं हा फार मोठा कबुलीजबाब होता.

डॉक्टर पट्टी गुंडाळायला लागल्या. तेव्हा दारात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, हे दोन्ही पायांला आसलं तर?"

"मला एकाच पायाला हाय," सर म्हणाले.

"तुमचं न्हाय म्हणत मी."

 वहिनींनी लुगडं वीतभर वर घेतलं. दोन्ही घोट्यांवर तेच जांभळं जाळं, त्याच्यावर करंगळीएवढ्या गाठाळ शिरा. उजव्या घोट्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. डॉक्टरांनी ती सोडवली. आत वाळलेल्या हळदीखाली रुपयाएवढी ओली जखम होती. डॉक्टरांचं हसू गेलं.

"कधीपासनं?" सरांनी विचारलं.

"जाळी थोरल्याच्या बाळंतपणापासनं. जखम दिवाळीपासनं."

"आन् मला सांगितलं न्हाईस?" आवाज वर्गातला.

"सांगून? तुमी म्हणला आसता, काम चुकवायला ढोंग करती." भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, तशा सुरात वहिनी म्हणाल्या. राग नाही, तक्रार नाही.

मला सरांचा इतका राग आला की हात उचलावासा वाटला. बाकाखालची बोटभर चिठ्ठी शोधणारा माणूस, आणि घरात एवढं दिसू नये? पण त्यांचा चेहरा बघितला आणि राग कुठल्या कुठं गेला.  फळ्यापुढं उभं केलेल्या पोराचा होतो तसा तो चेहरा झाला होता.

डॉक्टर म्हणाल्या, यांचं जास्त पुढं गेलंय, जखम भरायला महिने लागतील, यांच्या तपासण्या आजच करू. सर मध्येच म्हणाले, "परवाची येळ हिला द्या. आधी हिचं करा. माझं मागनं बघू." यंत्राचं विचारलं नाही, कॉलेजचं विचारलं नाही, काही म्हणजे काही विचारलं नाही. डॉक्टरांनी हो म्हणून मान हलवली.

वहिनींच्या तपासण्या उरकल्यावर मी गाडी दाराशी आणायला गेले. परत आले ती काचेच्या दारापाशीच थबकले. आत बाकावर रांगेनं माणसं बसलेली, टोपीवाले, पोरं मांडीवर घेतलेल्या बाया, सगळी या दोघांकडं बघत होती. सरांनी वहिनींचा पट्टी बांधलेला पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला होता आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. वहिनी तो ओढून घ्यायला बघत होत्या आणि सरांच्या तोंडाकडं अशा संशयानं पाहत होत्या की मला क्षणभर हसू आलं.

"मी बाहेर गेली तवा डॉक्टरीण तुमाला काय म्हणाली?" वहिनी विचारत होत्या. "माझं काय लपिवताय? खरं सांगा."

"काय न्हाय लपवत."

"मग डोळ्याला पाणी का?"

 सरांनी वहिनींच्या पायावरचा लुगड्याचा काठ तेवढा नीट केला.

"आवो सोडा पाय. लोक बघत्यात."

"बघू दे," सर म्हणाले.